जुन्या चिरेखाणीत कारखान्याचा कचरा सापडला तर साफसफाई कुठून सुरू करायची

आधी काय करायचं नाही ते सांगतो. सोडून दिलेल्या चिरेखाणीत, म्हणजे जांभ्या दगडाचे चिरे काढून झालेल्या खाणीत, कारखान्याचे ड्रम आणि काळा चिखल दिसला की पंचायतीत पहिली सूचना ठरलेली असते, जेसीबी लावा, वर चार टिप्पर माती ओता, सपाट करा, विषय संपला. आमच्या शेजारच्या वाड्यावर नेमकं हेच केलं. वर गवत आलं, पोरं क्रिकेट खेळायला लागली, सगळे खूश. दोन पावसाळे गेले आणि खालच्या अंगाच्या विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला, रॉकेलसारखा पण रॉकेल नव्हे, जरा गोडसर. ज्यांची विहीर त्या वहिनी आठवडाभर चिंच आणि राख लावून कळशी घासत होत्या, त्यांना वाटलं कळशीलाच वास लागलाय. शेवटी त्यांनी नवीन कळशी आणली, तिलाही दुसऱ्या दिवशी तोच वास, तेव्हा कुठे लोकांचं लक्ष खाणीकडे गेलं. मग तीच माती परत काढावी लागली, आणि तोवर वरची चांगली मातीही खालच्या घाणीत मिसळून खराब झालेली, म्हणजे उचलायचा माल दुप्पट.

मी बरीच वर्षं एका कारखान्याच्या ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटवर, काढलीत, त्यामुळे या चिखलाशी जुनी ओळख. त्या खाणीच्या कामात शेवटपर्यंत होतो, तेव्हा जे शिकलो ते क्रमाने लिहितो. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत अशा चिरेखाणी पडून आहेत, कुणाच्या ना कुणाच्या उपयोगी पडेल.

जांभ्याची खाण म्हणजे टाकी नव्हे

चिरा हातात घेऊन बघा, सगळा भोकाभोकांचा. आपला जांभा पाणी पितो आणि सोडतोही पटकन, म्हणून तर आपल्या विहिरी जुलैत काठोकाठ आणि एप्रिलमध्ये तळाला. पाणी जांभ्यातून झिरपत खाली जातं, खाली पिवळट-पांढरी चिकण माती लागते, तिच्यात सहज शिरता येत नाही म्हणून तिच्यावरून आडवं घसरत जातं आणि डोंगराच्या पायथ्याशी झर होऊन बाहेर पडतं. पायथ्याशी काय असतं? कुळागर (माड-पोफळीची बाग), शेत, वाडा, देवळाची तळी. म्हणजे वर सड्यावर जे टाकलं ते खाली माणसाच्या पोटात यायची वाट निसर्गानेच करून ठेवलीय.

आणि खाणीत बारमाही पाणी दिसतं म्हणून तळ पक्का आहे असं समजू नका. बऱ्याचदा ते भूजलच असतं, खाण एवढी खोल गेलेली असते की ती एक मोठी उघडी विहीर झालेली असते. कचरा थेट विहिरीत टाकल्यासारखंच ते. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचा क्रम आपोआप कळतो, आधी पाणी, मग कचरा. लोक नेमकं उलटं करतात.

लांबून बघा, खाली उतरू नका

चिरेखाणीला बाजूंनी उभ्या कापलेल्या भिंती, आत वारा फिरत नाही. सॉल्व्हंटच्या (रंग, तेल विरघळवणाऱ्या रसायनांच्या) वाफा आणि हायड्रोजन सल्फाईड दोन्ही हवेपेक्षा जड, तळाशी साचून राहतात, सकाळी वारा पडलेला असतो तेव्हा जास्तच. सडक्या अंड्याचा वास येत होता आणि अचानक बंद झाला तर गॅस गेला असं नाही, तो गॅस वाढला की नाकच मरतं, वास कळायचा थांबतो आणि माणूस तिथेच आडवा होतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही. म्हणून गॅस मीटर असलेला माणूस येईपर्यंत वरूनच बघायचं. कोविडमधला एन-९५ मास्क इथे काही कामाचा नाही, तो धूळ अडवतो, वाफ नाही.

वरून फोटो काढा, मोबाईलवर लोकेशन चालू ठेवून. गावात लग्नाचे व्हिडिओ काढणारा एखादा पोरगा असतोच, त्याच्याकडे ड्रोन असतो, ड्रोनला तिथे परवानगी आहे ना ते विचारून त्याला बोलवा, दहा मिनिटांत अख्ख्या खाणीचा नकाशा मिळतो.

दिसतंय काय ते नीट बघा. फुगलेला ड्रम म्हणजे आत दाब आहे, त्याला हातही लावायचा नाही, तो भंगारवाल्याला तर अजिबात द्यायचा नाही. हिरवट किंवा पिवळं पाणी असेल तर क्रोमियमचा संशय घ्या, प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवायच्या कामातून येतं. काळी काचेसारखी चमकणारी बारीक रेती दिसली तर ती बहुतेक जहाजाचा गंज खरवडायला वापरलेली ग्रिट, तिच्यात जुन्या बोटीच्या रंगाचे कण असतात. राखाडी-तपकिरी चिखल गोणपाटात भरलेला असेल तर कुठल्यातरी ईटीपीचा गाळ. करड्या पन्हाळीच्या तुटक्या शीट म्हणजे ॲस्बेस्टॉस, त्या कोरड्या मोडायच्या नाहीत. हा सगळा अंदाज, पुरावा नव्हे, पण लॅबला काय तपासा म्हणून सांगायचं ते इथून ठरतं.

आग लावू नका हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो, कारण लावतात. गुरं लांब ठेवा, भोवती दोरी बांधा, पाटी लावा. ड्रम गळतोय आणि जवळ घरं आहेत असं असेल तर थांबू नका, ११२ ला फोन करून अग्निशामक दलाला बोलवा.

कागद

हे काम कंटाळवाणं पण टाळलं तर पुढे सगळं अडतं. जमीन कुणाची ते काढा, एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबाराच म्हणा) आणि सर्व्हे प्लॅन. भाट (जमीन) खाजगी आहे, कोमुनिदादचं (गावची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचं) आहे की सरकारी, त्यावर नोटीस कुणाला जाणार ते ठरतं. चिऱ्यांचं लीज कधी दिलं, कधी संपलं हे खाण खात्यात आरटीआय टाकून मिळतं. गूगल अर्थवर जुन्या वर्षांचे फोटो मागे-मागे नेऊन बघता येतात, २०११ ला पाणी निळं होतं, २०१४ ला कोपऱ्यात पांढरे ठिपके आले, असं वर्ष पकडता येतं. आणि गावातल्या जुन्या टिप्परवाल्यांना विचारा. आम्ही एका काकांना विचारलं तर आधी म्हणाले, "मला काय ठाऊक नाय रे बाबा," मग चहा झाल्यावर म्हणाले, "रात्री गाडी आली की आमची कुत्री भुंकायची, आठवड्यातनं दोनदा तरी." तेवढ्यावरून निदान किती खेपा झाल्या असतील याचा हिशेब लागला.

तक्रार लेखी द्या, फोटो आणि सर्व्हे नंबर जोडून, गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला, प्रत जिल्हाधिकारी, मामलेदार आणि पंचायतीला, आणि प्रत्येक प्रतीवर पोच घ्या. ग्रामसभेत ठराव घ्या, पुढे कोर्टात किंवा हरित लवादात जायची वेळ आली तर तो ठराव फार कामी येतो.

घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम बहुतेकांना माहीत असतात. पण जुलै २०२५ मध्ये केंद्राने प्रदूषित जागांसाठी वेगळे नियम काढलेत ते वाचून ठेवा. त्यात संशयित जागांची यादी स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने करायची, राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, मग सविस्तर तपासणी, आणि ज्याने घाण केली त्याला शोधून त्याच्याकडून खर्च वसूल करायचा असा क्रम आहे. एक गोम आहे, खाणकामातून झालेलं प्रदूषण या नियमांच्या बाहेर ठेवलंय. त्यामुळे अर्जात नुसतं 'खाणीचं प्रदूषण' लिहिलंत तर फाईल दुसऱ्या टेबलावर जायची भीती. 'बंद चिरेखाणीत बाहेरून आणून टाकलेला औद्योगिक कचरा' असं स्पष्ट लिहा. एका शब्दाचा फरक आहे पण सहा महिने वाचतात.

आणि एक महत्त्वाचं, गावाने स्वतः कचरा उचलायचा नाही. वाचायला विचित्र वाटेल, पण परवानगीशिवाय घातक कचरा हलवला तर हलवणाराच आरोपी होतो, शिवाय पुरावा जातो. गावाचं काम मागे लागणं, लक्ष ठेवणं आणि पाण्याची माहिती गोळा करणं. खाली जे लिहिलंय त्यातलं विहिरी मोजण्याचं काम गाव करू शकतं, बाकीचं मंडळाने नेमलेली एजन्सी करते. पण त्यांनी काय करायला हवं ते तुम्हाला ठाऊक असेल तर त्यांना टंगळमंगळ करता येत नाही.

पाणी कुठल्या बाजूला जातंय

हे माझं आवडतं काम, खर्च जवळपास शून्य आणि माहिती लाखमोलाची. खाणीच्या आजूबाजूच्या कमीत कमी तीन विहिरी निवडा, एका ओळीत नकोत, त्रिकोणात. प्रत्येक विहिरीच्या कठड्यापासून पाण्यापर्यंत टेप सोडून अंतर मोजा. टेपच्या टोकाला वजन बांधा. पण कठडे वेगवेगळ्या उंचीवर असतात, म्हणून सगळ्या कठड्यांची उंची एकाच खुणेवरून काढायची, समजा देवळाच्या पायरीला १०० मीटर धरलं. जवळच्या जवळ असेल तर गवंड्याची पाण्याची ट्यूब चालते, लांब असेल तर सर्व्हेअरकडून लेव्हल लावून घ्या, अर्ध्या दिवसाचं काम.

आता हिशेब. पहिल्या विहिरीचा कठडा १०१.२ आणि पाणी ६.४ खाली, म्हणजे पाण्याची पातळी ९४.८. दुसरीचा कठडा ९९.०, पाणी ५.९ खाली, पातळी ९३.१. तिसरीचा ९८.१, पाणी ६.० खाली, पातळी ९२.१. पाणी उंचावरून खाली जातं, म्हणजे साधारण पहिलीकडून तिसरीकडे चाललंय. खाण जर मध्ये असेल तर तिसऱ्या विहिरीच्या लोकांनी आजपासून ते पाणी प्यायचं बंद करायचं, रिपोर्ट यायची वाट बघायची नाही. पंचायतीकडून टँकर मागा.

सगळ्या विहिरी एकाच दिवशी मोजा, पहाटे, पंप सुरू व्हायच्या आधी. एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑगस्टमध्ये मोजा कारण पावसात उतार बदलतो, कधीकधी दिशाही. आणि जांभ्यात पाणी सरळ रेषेतच जातं असं नाही, आत नळीसारख्या पोकळ्या असतात, त्यामुळे शंभर मीटरवरची विहीर चांगली आणि तीनशे मीटरवरची खराब असंही निघतं. म्हणून खालच्या बाजूचे सगळे झर, पाट, व्हाळ (ओढे) नकाशावर घाला. आमच्याकडे सगळ्यात आधी बिघडलेलं पाणी विहिरीतलं नव्हतंच, कुळागराला पाणी देणारा एक झर होता, पण त्याचं पाणी कुणी पीत नसल्याने कुणाला पत्ता नाही.

सँपल

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. एनएबीएलची (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेल्या लॅबकडूनच तपासा, आणि नुसती मान्यता बघू नका, तुम्हाला हव्या त्या घटकाची आहे का ते विचारा. बाटल्या लॅबच्याच घ्या, बिस्लेरीच्या बाटलीत आणलेलं पाणी कोर्टात टिकत नाही. धातूंसाठी प्लॅस्टिकची बाटली, आत लॅबने घातलेलं नायट्रिक ॲसिड असतं, ते धुऊन टाकू नका (आमच्या एका कार्यकर्त्याने स्वच्छ म्हणून धुतली). तेलासाठी काचेची. सॉल्व्हंटसाठी छोटी काचेची कुपी काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडा राहिला तर वाफ त्यात निघून जाते आणि रिपोर्ट कोरा येतो. सगळं बर्फात, ४ अंशांच्या आसपास. बर्फाचा डबा नवीन घ्या, ज्यातून बांगडे आणलेत तो नको. प्रत्येक बाटली कुणी भरली, कुणी नेली, कुणी घेतली याचा सहीचा कागद बरोबर.

पाण्यात तपासायचं ते पीएच (पाणी किती आंबट ते), टीडीएस (विरघळलेले क्षार), सीओडी (घाणीचा भार), तेल, फिनॉल, सायनाईड, आणि धातू: शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, आर्सेनिक, पारा, जस्त. पिण्याच्या पाण्याचं मानक आयएस १०५००, त्यात शिसं आणि आर्सेनिक ०.०१, कॅडमियम ०.००३, क्रोमियम ०.०५, पारा ०.००१, सगळं मिलीग्रॅम दर लिटर. हे आकडे वहीत लिहून ठेवा, रिपोर्ट आला की शेजारी ठेवून बघता येतं.

आता गोव्याची खास भानगड. जांभ्यात लोखंड भरपूर, तो लाल आहेच त्यामुळे, आणि क्रोमियम-निकेलही काही ठिकाणी मुळातच जास्त. विहिरीच्या पाण्याचा पीएच चांगल्या विहिरीतसुद्धा साडेसहाच्या खाली जातो. म्हणून 'लोखंड जास्त, पीएच कमी, प्रदूषण सिद्ध' असं म्हणायला गेलात तर समोरचा वकील दोन मिनिटांत उडवून लावेल. उपाय सोपा आहे, वरच्या अंगाची, जिथे कचरा पोचणं शक्यच नाही अशा जागेची माती आणि पाणी पण तपासायला द्या. त्याच्याशी तुलना करून जे जास्त निघेल ते बाहेरचं. ही दोन-चार जास्तीची सँपलं वाचवायला बघतात आणि मग अख्खा रिपोर्ट लंगडा पडतो.

मातीची सँपलं चौकटी आखून, १० मीटरवर एक. समजा खाणीचा तळ ४० बाय २५ मीटर, तर बारा-पंधरा जागा, आणि प्रत्येक जागी वरची, अर्ध्या मीटरवरची आणि दीड मीटरवरची. पैसे वाचवायला पाच जागांची माती एकत्र करून एक सँपल करू असं कुणी सुचवेल. करू नका, एका जागचं विष चार चांगल्या जागांत पातळ होऊन पाचव्या हिश्शावर येतं आणि रिपोर्ट म्हणतो सगळं ठीक. कचऱ्याची मात्र टीसीएलपी टेस्ट मागा, त्यात कचरा हलक्या आम्लात १८ तास घुसळतात आणि काय सुटून येतं ते बघतात. शिसं ५ मिलीग्रॅम दर लिटरच्या वर सुटलं तर कचरा घातक. पावसात काय होणार त्याची छोटी तालीमच म्हणा ना.

मिरगाच्या आत

गोव्यात या कामाचं कॅलेंडर दिवाळी ते मे. त्यात तपासणी, मंजुऱ्या, टेंडर यात एक सीझन जातोच, म्हणजे एक पावसाळा मध्ये येणारच हे धरून चाला. त्या पावसाळ्यासाठी तात्पुरता बंदोबस्त हवा. हजार चौरस मीटरची खाण, वर्षाला ३००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस, म्हणजे नुसता वरून पडणारा पाऊस ३० लाख लिटर. बाजूच्या उतारावरून वाहत येणारं पाणी वेगळं. ते पहिलं अडवा: खाणीच्या वरच्या अंगाला गटार खणून पाणी बाहेरून वळवा, याला फारसा खर्च नाही आणि याच्याएवढा फायदा दुसऱ्या कशाने होत नाही. मग कोरड्या ढिगांवर जाड एचडीपीई (प्लॅस्टिकची) शीट, कडा चरात पुरून वर चिऱ्यांचं वजन. साधी निळी ताडपत्री जुलैच्या वाऱ्यात फाटते, आम्ही फाडून बघितलीय. गळके ड्रम मोठ्या ड्रमात बसवून शेडखाली, हे काम प्रशिक्षित लोकांचं.

खाणीतलं पाणी

इथे घाई करणारे गाव बुडवतात. पंप लावून पाणी व्हाळात सोडणं म्हणजे एका विहिरीचं दुखणं दहा विहिरींना वाटणं. आधी पाणी तीन थरांत तपासा, वरचं, मधलं, तळाचं, वर तेल तरंगत असतं, खाली गाळाजवळ धातू असतात, मधलं बऱ्यापैकी असू शकतं. वरचं तेल आधी शोषक बूम (तेल शोषणारे लांब पट्टे) लावून काढून घ्या.

हिशेब बघा, ४० बाय २५ बाय सरासरी ३ मीटर म्हणजे परत ३० लाख लिटर. दहा हजारांच्या टँकरने ३०० खेपा. एवढं पाणी ट्रकने बाहेर पाठवणं परवडत नाही, म्हणून जागेवरच छोटा प्लँट लावतात. कितीही शिकलेला कन्सल्टंट असला तरी त्याला आधी जार टेस्ट करायला लावा: एक-एक लिटरच्या सहा बरण्यांत खाणीचं पाणी, प्रत्येकीत चुन्याचा वेगळा डोस, ढवळायचं, अर्धा तास ठेवायचं. कुठल्या बरणीत गाळ चटकन बसतो आणि वरचं पाणी नितळ होतं ते डोळ्यांना दिसतं, मग त्या बरणीचं पाणी लॅबला. पूर्ण खाणीचा डोस त्यावरून.

पिवळं क्रोमियम नुसत्या चुन्याने बसत नाही. आधी पीएच २-३ पर्यंत उतरवून फेरस सल्फेट किंवा सोडियम मेटाबायसल्फाईट घालायचं, पिवळा जाऊन हिरवट होतो, मग चुना घालून साडेआठच्या आसपास नेलं की गाळ बसतो. पण त्या पाण्यात सायनाईड किंवा सल्फाईड असेल आणि तुम्ही ॲसिड ओतलंत तर विषारी गॅस सुटतो, माणसं मरतात. म्हणून वर सायनाईड तपासा म्हटलं ते हौस म्हणून नव्हे. शेवटी वाळूचा फिल्टर, मग ॲक्टिव्हेटेड कार्बन. मंडळाची परवानगी घेऊन सोडायचं, तेही पीएच साडेपाच ते नऊ, सीओडी २५० च्या आत, तेल १० च्या आत (दोन्ही मिलीग्रॅम दर लिटर). पण खाली लोक पितात तिथे मी या मर्यादेवर थांबणार नाही, धातूंसाठी पिण्याच्या पाण्याचेच आकडे मागा. आणि प्लँटमध्ये जो गाळ उरतो तो स्वतःच घातक कचरा, तो परत खाणीत ढकलताना रात्री पकडलाय एकाला.

एक बारीक गोष्ट. खाण भूजलाशी जोडलेली असेल तर ती पूर्ण कोरडी करायला जाऊ नका, चारही बाजूंनी पाणी धावून येतं आणि चिऱ्याच्या भिंती ढासळतात. पातळी आजूबाजूच्या विहिरींपेक्षा थोडी खाली ठेवा, एवढंच. मग पाण्याचा ओढा बाहेरून आत राहतो, घाण बाहेर पडत नाही. विहिरी मोजून ठेवल्या असतील तर ही पातळी काढायला वेळ लागत नाही.

उचलणं आणि पाठवणं

जानेवारी ते एप्रिल. सगळी खाण एकदम उघडायची नाही, पट्टा-पट्टा करून. ड्रम आधी, तेही जेसीबीच्या दातांनी नव्हे, पट्टा बांधून उचलायचे. मग गाळ, मग खराब माती. प्रत्येक प्रकाराचा वेगळा ढीग, खाली शीट, वर झाकण, पाटी. ॲस्बेस्टॉस ओला करून जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. कामगार सूट आणि गाळणीचा मास्क घालून मार्चच्या उन्हात काम करतात, वीस मिनिटांत घामाने निथळतात. त्यांना सावली, पाणी आणि पाळ्या द्या, नाहीतर तो सूट काढून टाकतात आणि त्यांची काही चूक नाही. गेटवर चाकं धुवायची सोय हवी, नाहीतर टिप्परबरोबर चिखल गावभर.

घातक कचरा जाणार सत्तरीतल्या पिसुर्ल्याच्या सामायिक विल्हेवाट प्रकल्पात. ज्याचं जळणमूल्य चांगलं आहे असं काही सिमेंटच्या भट्टीत जाऊ शकतं, तशी भट्टी गोव्यात नाही, म्हणजे कर्नाटकात, आणि त्यासाठी दोन्ही राज्यांच्या मंडळांना आधी कळवावं लागतं. प्रत्येक गाडीबरोबर फॉर्म १०, म्हणजे मॅनिफेस्ट (कचरा कुठून निघाला, कुठे पोचला याचा कागद), सात रंगीत प्रती. गावाच्या समितीने एकच काम करावं: गेटवर वही घेऊन बसायचं, गाडीचा नंबर, वेळ, वजन लिहायचं, आणि महिन्याने कचरा जिथे पोचला त्या ठिकाणच्या सहीच्या प्रतींशी जुळवायचं. आमच्याकडे दोन गाड्यांचं वजन जुळलं नाही. विचारल्यावर कंत्राटदार म्हणाला काटा बिघडला होता. त्यानंतर काटा परत बिघडला नाही.

सगळं उचलणं परवडत नसेल तेव्हा

तेलकट माती असेल तर जागेवरच जिवाणूंना लावता येतं, ढीग घालून, नत्र-स्फुरद देऊन, ओलावा राखून, आठवड्याला उलटवून. आपल्या हवेत हे चांगलं चालतं, फक्त पावसात झाकावं लागतं. टेरी संस्थेने तेल खाणाऱ्या जिवाणूंचं ऑइलझॅपर नावाचं मिश्रण बनवलंय, रिफायनऱ्यांच्या गाळावर वापरलं जातं. धातूंवर याचा उपयोग नाही, जिवाणू शिसं खाऊन संपवत नाहीत. धातूंच्या मातीत सिमेंट मिसळून घट्ट करतात, मग टीसीएलपी परत.

चुना टाका म्हणणारे खूप भेटतील. शिसं, कॅडमियम, जस्त यांना चुना धरून ठेवतो, खरं आहे. पण आर्सेनिक आणि पिवळं क्रोमियम उलटे, त्यांना जांभ्यातलं लोखंडच पकडून ठेवत असतं आणि चुन्याने पीएच चढला की ते सुटतात. म्हणजे न बघता चुना टाकलात तर जे शांत बसलं होतं ते पाण्यात येतं. आधी रिपोर्ट, मग चुना. वाळा लावून जमीन शुद्ध करणं वगैरे फोटोला छान, उतार धरून ठेवायला उत्तम, पण दोन मीटर खोल गाळासाठी त्याच्या भरवशावर राहू नका.

वरून झाकून ठेवायचा पर्याय फक्त तेव्हाच, जेव्हा कचरा पावसाळ्यातल्या सगळ्यात वरच्या पाण्याच्या पातळीच्याही वर आहे. खालून पाणी लागत असेल तर वर कितीही भारी शीट घातली तरी ती छत्री धरून विहिरीत उभं राहिल्यासारखं.

भरायच्या आधी

तळ आणि भिंती दोन्हीची परत सँपलं घ्या, भिंती विसरतात, आणि जांभ्याच्या भोकांत चिखल बसलेला असतो. रिपोर्ट वरच्या अंगाच्या मातीशी जुळला की मगच भराव. भरावाची माती कुठून येते त्याचा कागद मागा, बांधकामाचा मलबा स्वस्तात आणून टाकायला सगळे टपलेले असतात. एक-एक फुटाचा थर, प्रत्येक थर दाबून, वरून बाहेरच्या बाजूला उतार. किंवा भरूच नका, भिंती पायऱ्यांच्या करून कुंपण घालून तळं राहू द्या, मला तर हेच आवडतं, पण पोरं बुडायची भीती खरी आहे म्हणून कुंपण.

नंतर खालच्या अंगाला दोन-तीन निरीक्षण बोअर आणि त्याच जुन्या विहिरी, दर तीन महिन्यांनी सँपल, मिरगाआधी आणि चतुर्थीनंतर तर चुकवायचंच नाही. पहिल्या पावसात आकडे उसळतात, जांभ्यात अडकलेलं धुऊन निघतं, त्याला घाबरू नका, पुढच्या वर्षीही तेवढेच उसळले तर मात्र कुठेतरी काहीतरी राहिलंय.

वहिनींच्या विहिरीची गेल्या दोन पावसाळ्यांची सगळी सँपलं मर्यादेच्या आत आलीत, माडांना आणि फुलझाडांना पाणी घालतात, वास नाही. पिण्यासाठी अजून नळाचंच. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराआड तारखांचा कागद चिकटवलाय, पुढच्या सँपलची तारीख लाल पेनाने, आणि लॅबचा पोरगा उशीर करायला लागला की त्याला फोन करायचं काम त्यांच्याकडेच दिलंय.